उपड्या होडीचे दोन ओंडके

रत्नागिरीच्या स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला 'आधुनिक कला संग्रहालय' म्हणालात, तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहील. 'उपडी होडी' म्हणा, लगेच बसा म्हणेल.

समुद्राच्या वर, कातळाच्या सड्यावर, ती इमारत पालथी पडलेली आहे. काळपट काँक्रीटची, दीडशे पावलं लांब, पाठ गोलाकार आणि पाठीच्या मधोमध कणा आभाळाकडे. दोन्ही कडा थेट कातळात घुसलेल्या. फक्त उत्तरेकडे एक कड दीड पुरुष उचललेली, आणि तिथेच दार. ज्या वास्तुकाराने ती बांधली त्याचं म्हणणं असं, की ही 'थांबलेली लाट' आहे. परदेशी मासिकांत तिचे फोटो आले, पुण्यामुंबईची वास्तुशास्त्राची पोरं बसगाड्या भरभरून येतात आणि दारासमोर उताणी झोपून वर बघत राहतात. पण रत्नागिरीतलं शेंबडं पोरही सांगेल की ही होडी आहे आणि ती उपडी आहे. आमच्या गावात दोन माणसांचं एका गोष्टीवर एकमत होणं कठीण. या इमारतीने अख्ख्या गावाचं एकमत करून दाखवलं. हे यश मासिकांत कुठे छापून आलं नाही.

या उपड्या होडीच्या दारात गुणाजी पहारेकरी आहे.

गुणाजी चौतीस वर्षं तांडेल होता. म्हणजे होडीवर त्याचा शब्द शेवटचा, आणि घरी कमळाचा. मग कमरेने संप पुकारला, मुलगा सर्वेश जयगडच्या बंदरात कामाला लागला होताच, आणि कुणीतरी सांगितलं की वर सड्यावर बसून पगार देतात. गुणाजीला ते खरं वाटेना. बसून पगार फक्त सरकारी माणसाला मिळतो अशी त्याची समजूत. पण गेला, आणि निळा गणवेश, टोपी व एक पाठीची खुर्ची मिळाली. शिट्टी मिळाली नाही, ती त्याने बाजारातून स्वतः आणली.

येणाऱ्या माणसांना तो खलाशांसारखं वागवतो. "पाठी सरा, पाठी. सगळी एका बाजूला नको, तोल जाईल," हे तो शाळेच्या सहलीला अगदी गंभीरपणे सांगतो, आणि पोरं खरोखरच दोन्ही बाजूंना सारखी उभी राहतात. चित्रकलेतलं आपल्याला काही कळत नाही, हे त्याने कधी कबूल केलं नाही. आतल्या मोठ्या दालनात एक चित्र आहे, आडवंतिडवं निळं, बाकी काही नाही. कॉलेजच्या मुलींनी त्याला विचारलं, काका, यात काय आहे हो? गुणाजीने हात पाठीमागे बांधले, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "वारा फिरन्याआधीचा पानी हाय हा. अशा पान्यात जाळा टाकू नये." मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. पुढे ती चित्रकर्ती स्वतः आली तेव्हा तिलाही त्याने हेच ऐकवलं, आणि तीही बराच वेळ आपल्याच चित्राकडे नव्याने बघत बसली.

सगळं कसं छान चाललं होतं. एकच गोष्ट त्याला सलत होती. त्याच्या स्वतःच्या माणसांपैकी दोन वर्षांत एक माणूस आत आला नव्हता. मिरकरवाड्यातले त्याचे जुने सोबती संध्याकाळी फाटकापर्यंत यायचे, तंबाखू मळायचे, चार गप्पा मारायचे, त्या काळ्या पाठीकडे तिरक्या नजरेने बघायचे आणि परत जायचे. दर्यावर जगणारा माणूस उपड्या होडीखाली जात नाही. जायचं झालं तर एकदाच जातो, आणि तेव्हा त्याला विचारून कुणी नेत नाही.

गुणाजीने स्वतः पहिला महिनाभर खिशात तुळशीचं पान बाळगलं होतं. मग पगार वेळेवर आला आणि पान ठेवायचं राहून गेलं. पण कमळा विसरणारी नव्हती. नोकरी लागली त्याच दिवशी तिने फर्मान काढलं, की तिथून आल्यावर मागच्या दारी आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. दोन वर्षं हा गृहस्थ रोज संध्याकाळी, मर्तिकाहून आल्यासारखा, विहिरीवर चार कळशा ओतून घेत होता. शेजाऱ्यांनी आधी चौकशी केली, मग सवय करून घेतली.

कमळाला नावं ठेवायच्या आधी तिची गोष्ट ऐका.

ती मूळची हर्ण्याची. ती सात वर्षांची असताना, नारळी पौर्णिमा होऊन आठ दिवस झाले नव्हते, तेव्हा तिच्या बापाची होडी परत आली. उपडी. लाटांनी ढकलत ढकलत आणली आणि वाळूवर टाकली. बाप आला नाही. बंदरावर सगळा गाव गोळा झाला होता, पण ती होडी सरळ करायला कुणाचा हात पुढे होईना, कारण खाली काय असेल ते कुणालाच बघायचं नव्हतं. खाली काहीच नव्हतं. छोटी कमळा आईचा पदर धरून ती काळी पाठ बघत उभी होती. बापाचा फोटो घरात एकही नव्हता. त्या काळी फोटो लग्नात निघायचे आणि त्यांच्या लग्नात फोटोवाला आलाच नव्हता. आज कमळा अठ्ठावन्न वर्षांची आहे. "बाबाचा आवाज येतो कानात," ती कधीतरी मासे साफ करता करता म्हणायची, "पन तोंड नाय येत डोल्यासमोर. किती आठवला तरी नाय येत."

आणि यंदाच्या मे महिन्यात संग्रहालयात जुन्या फोटोंचं प्रदर्शन आलं.

पन्नासेक वर्षांपूर्वी कुणी एक फोटोग्राफर खांद्याला कॅमेरा लावून हा किनारा पायी हिंडला होता. त्याचे काळेपांढरे फोटो मुंबईहून खोक्यांतून आले, भिंतींवर लागले. महिनाभर इथे, एकतीस तारखेच्या रविवारपर्यंत. मग पुढच्या गावी. गुणाजीने पहिल्याच दिवशी, तांडेलाने होडी तपासावी तशी, एकूणएक भिंत तपासली. सतराव्या फोटोसमोर मात्र त्याचे पाय थांबले. हर्ण्याचं बंदर, संध्याकाळचा मासळीचा लिलाव, टोपल्या, गर्दी. आणि डाव्या बाजूला वाळूत अर्धी ओढलेली एक होडी. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन डोळे रंगवलेले. एक नीट, बेताचा. दुसरा हा एवढा मोठा, रव्याच्या लाडवासारखा, आणि थोडा खाली घसरलेला.

या डोळ्याची हकीकत गुणाजीने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ऐकली होती. बापाने एक डोळा रंगवला आणि ब्रश लेकीच्या हातात दिला, दुसरा तू काढ म्हणून. गावाने हसून घेतलं. बाप म्हणाला, आता हिला जास्त दिसेल.

होडीभोवती चार माणसं उभी होती. एक मधोमध, धिप्पाड, दात काढून हसणारा. दोन टोपली उचलणारे. एक कडेला, अर्धवट पाठमोरा. यातला सासरा कोणता? गुणाजीने हसणाऱ्यालाच पसंत केलं. सासरा असावा तर असा. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला की आधी त्याला राम राम करू लागला.

घरी सांगितलं तेव्हा कमळा आमटी ढवळत होती. ढवळतच राहिली. वर न बघता म्हणाली, "तुमी बघितलाव काय माझ्या बाबाला कधी?"

"बाबाला नाय गो. डोला बघितला. तुझा डोला हाय तो, दुसरा कोन असा काढील?"

"मंग काढा त्याचा फोटो मोबाईलवर."

आत फोटो काढायचे नाहीत हा नियम गुणाजीनेच दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला होता. फोटो काढणाऱ्यांवर शिट्टी फुंकणारा हाच. तरी दुसऱ्या दिवशी आजूबाजूला बघून त्याने मोबाईल काढला, आणि सवयीने शिट्टीकडे हात गेला तो आवरला. फोटो आला, पण भिंतीवरच्या फोटोला काच, आणि काचेत निळा गणवेश, टोपी आणि एक घाबरलेली मिशी. माणसं तांदळाएवढी. कमळाने मोबाईल लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "ह्यात तुमीच दिसताव. तुमाला मी रोज बघतेय."

संग्रहालयाची संचालिका अवनी. पस्तिशीच्या आतली, पुण्याला शिकलेली, शिस्तीची पण मनाने वाईट नाही. गुणाजीने तिला विचारलं, हा फोटो जरा फाटकापर्यंत नेता येईल का, पाच मिनिटं? अवनीने समजावलं की काका, हे उसने आणलेले फोटो, भिंतीवरून काढायची परवानगीच नाही, त्यातून ही खारी हवा. प्रत मागवते म्हणाली, फोटोग्राफरच्या मुलाला परदेशी पत्रही टाकलं. पत्राला उत्तर आलं नाही. आणि रविवार जवळ येत चालला.

"एकदा ये गो," गुणाजी रोज विनवायचा. "पाच मिन्टा."

"उपड्या होडीखाली मी नाय येनार."

"तुझ्या बाबासाठी तरी..."

"बाबासाठी तर नायच!" कमळा इतक्या जोराने म्हणाली की ओट्यावरचं मांजर उतरून गेलं.

शेवटी गुणाजीने वाद घातला. तांडेलाचा वाद, मुद्देसूद. म्हणाला, अगो, होडी काय समुद्रच उपडी करतो? आता मे संपत आला, होडी वर काढतात, शाकारतात, बूड साफ करायला उपडी घालतात. खाली पोरं खेळतात. त्यात कसला आलाय अपशकुन?

कमळाने हातातली कोयती खाली ठेवली. "मानसाने घातलेली होडी कशी असते, मला शिकवताव काय? मानूस होडी उपडी घालतो तेव्हा खाली दोन ओंडके घालतो. वाळूला टेकू देत नाय. वारा जायला पायजे. आनि बुडाला तेल लावतो. ओंडके नायत, तेल नाय, ती समुद्राने टाकलेली. तुमच्या होडीखाली हायत ओंडके?"

नव्हते. कडा थेट कातळात. पण ती बोलली ते गुणाजीने नकार म्हणून ऐकलंच नाही. त्याने ती कामाची यादी म्हणून ऐकली, आणि इथेच आमच्या दर्यावरच्या माणसाचं घोडं पेंड खातं. पुण्याच्या माणसाने अशा वेळी बायकोची समजूत घातली असती. गुणाजी ओंडके शोधायला गेला.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. चिंतामणी वाडीवाल्याचा एक माड गेल्या वादळात पडला होता, त्याचे दोन ओंडके त्याने मागून घेतले. शिवा नावाच्या जुन्या सोबत्याचा टेम्पो होता. दोघांनी मिळून ते सड्यावर आणले, पहारीने ढकलत ढकलत उचललेल्या कडेच्या खाली, दाराच्या दोन्ही बाजूंना, कड जिथे कातळाकडे उतरते तिथे, एकेक घट्ट सरकवले. शिवा कडेच्या आत पाऊल न टाकता, हात लांब करून काम करत होता. मग तेल. साधं नव्हे, मुशी माशाच्या काळजाचं, होडीला लावतात ते. दोन डबे. हात पोचेल तिथपर्यंत हाताने, त्याच्या वर बांबूला फडकं बांधून. काँक्रीट तहानलेलं असतं, त्याने सगळं पिऊन घेतलं. गुणाजी लांब जाऊन उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदाच ती इमारत कुणाची तरी वाटली.

संध्याकाळी विहिरीवर तो साबण लावून लावून थकला. कमळा दारात उभी होती. नाक वर करून तिने दोनदा वास घेतला आणि आत वळली.

मुशीचं तेल ज्यांनी कधी हुंगलं नाही ते भाग्यवान. मंगळवारी सकाळी ऊन चढलं आणि वास उतरायला लागला. दहा वाजेपर्यंत तो खाली रस्त्यापर्यंत पोचला. अकरापर्यंत मांजरं आली. आधी दोन, मग सात. नंतर गुणाजीने मोजायचं सोडून दिलं. ती सगळी भिंतीला पाठ घासत, डोळे मिटून, देवळात आल्यासारखी बसली. संग्रहालयाला एका दिवसात एवढी गर्दी उद्घाटनानंतर प्रथमच झाली.

अवनी गाडीतून उतरली, नाकाला ओढणी लावली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"गुणाजीकाका, हे काय आहे?"

"ओंडके, म्याडम."

"ते दिसतंय. आणि वास?"

"मुशीचा."

"का?"

गुणाजीने टोपी काढून हातात घेतली आणि सगळं सांगितलं. हर्ण्याचं बंदर, उपडी आलेली होडी, मोठा डोळा, ओंडके. मधे कुठेच थांबला नाही. शेवटी टोपी तिच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली. "नोकरीवरून काढायचा तर काढा. पन रविवारपर्यंत ओंडके असू द्या."

अवनीला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करता येईना. "काका, परवा वास्तुकार येतायत! मासिकाचा फोटोग्राफर घेऊन! हा वास जाणार कधी?"

"सात-आठ म्हयन्यांत जातो," गुणाजीने प्रामाणिकपणे सांगितलं.

तीन वेळा साबणाने भिंत धुतली. वास अर्धा गेला, मांजरं तीन-चतुर्थांश. भिंतीवर मात्र दोन पुरुष उंचीचा काळसर पट्टा राहिला तो राहिला.

गुरुवारी वास्तुकार आला. सडपातळ, पांढऱ्या केसांचा, हातात काठी. त्याने पट्टा पाहिला, ओंडके पाहिले, ओंडक्यावर झोपलेलं एक मांजर काठीने हलकेच टोचून पाहिलं, ते हललं नाही. मग त्याने गुणाजीला बोलावलं. गुणाजीने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी थोडक्यात.

"पण ही होडी नाहीच," वास्तुकार म्हणाला. "ही लाट आहे."

"असेल, साहेब," गुणाजी नम्रपणे म्हणाला. "पन लाटेखाली तरी मानूस कशाला जाईल?"

देशोदेशीच्या सभांतून त्या माणसाला खूप प्रश्न विचारले गेले होते, पण हा राहून गेला होता. त्याने काठीने कातळावर दोनदा टकटक केलं. मग अवनीला म्हणाला, "हे उद्या काढून टाका."

"क्रेन सोमवारीच मिळेल, सर," अवनी म्हणाली.

ते दोन माणसांनी टेम्पोतून आणलेत, क्रेन कशाला, असं सांगायला गुणाजीने तोंड उघडलंच होतं. अवनीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटून घेतलं. या पोरीला आपण दोन वर्षं नीट ओळखलंच नव्हतं, असं त्याला वाटलं.

घरी त्याने चकार शब्द काढला नाही. काढायची गरजही नव्हती. मिरकरवाड्यात बातमी पोचायला बिनतारी यंत्र लागत नाही. शुक्रवारी मासळीबाजारात बायका एवढंच बोलत होत्या की कमळाच्या दादल्याने उपड्या होडीला ओंडके घातलेत. शुक्रवारी कमळा आली नाही. गुणाजी दिवसभर रस्त्याकडे बघून बघून मान अवघडून बसला. शनिवार अर्धा गेला. त्याने आशा सोडली आणि जेवणाचा डबा उघडला, तर फाटकाशी रिक्षा थांबली.

कमळा ठेवणीतलं पातळ नेसून आली होती, केसांत अबोलीचा वळेसर. नवऱ्याकडे तिने बघितलंही नाही. सरळ उजव्या ओंडक्यापाशी गेली, वाकली, हाताने ढकलून बघितला. मग डावा. मग भिंतीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"माडाचा नाय घालायचा," ती म्हणाली. "माडाला वाळवी लागते."

"दुसरा मिळाला नाय गो."

"तेल बराय."

मग ती दारासमोर उभी राहिली. उभीच राहिली. आतून थंड हवा येत होती. गुणाजीला तिचा हात धरावा असं फार वाटलं, पण लोकांदेखत त्याने तो लग्नातसुद्धा भटजींनी सांगितल्यावरच धरला होता. कमळाने भिंतीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि वाकून आत गेली. वाकायची गरज नव्हती, कड तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती.

सतराव्या फोटोसमोर गुणाजीने आपली खुर्ची आणून ठेवली. ती बसली नाही. आधी तिने डोळा बघितला, तो मोठा, घसरलेला. तोंडावर पदर घेऊन ती हसली. "मीच काढलेला," ती म्हणाली. "बघा तरी कसा काढलाय." मग ती माणसांकडे वळली, आणि हसणं थांबलं.

"हा ना?" गुणाजीने हसणाऱ्या धिप्पाड माणसाकडे बोट केलं. महिनाभराची ओळख होती त्यांची.

कमळा बघत राहिली. एकाकडे, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. तिच्या कपाळाला घाम आला. "मला नाय कळत ओ," ती हळूच म्हणाली. "कोनाचाच तोंड नाय कळत. माझ्याच बाबाचा मला..."

गुणाजीने बोट खाली घेतलं. एवढं सगळं करून आपण हिला आणली ती यासाठी? बापाला दुसऱ्यांदा हरवायला? त्याला स्वतःचा इतका राग आला की ते ओंडके आपल्याच डोक्यात घालावेसे वाटले.

कमळाने डोळे मिटले. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने उजवा हात पुढे केला आणि हवेत, आपल्या मांडीच्या उंचीवर, बोटांची चिमूट केली आणि थोडी ओढली. डावीकडे, मग उजवीकडे. गुणाजीला वाटलं हिला भोवळ येतेय.

"मी त्याच्या खांद्यावर बसायची," ती डोळे मिटूनच म्हणाली. "बंदरावर जाताना. डावा कान वढला का डावीकडं जायचा, उजवा वढला का उजवीकडं. म्हनायचा, माझा सुकानू माझ्या लेकीच्या हातात हाय. मला त्याचा तोंड कुठं दिसत होता? मला कान दिसायचे."

तिने डोळे उघडले, आणि हसणाऱ्याकडे, टोपलीवाल्यांकडे न बघता कडेच्या माणसाकडे गेली. अर्धवट पाठमोरा उभा, ज्याच्याकडे गुणाजीने महिन्याभरात एकदाही नीट बघितलं नव्हतं. एक हात होडीच्या नाळेवर, बरोब्बर मोठ्या डोळ्याच्या खाली. मान किंचित वळलेली. मोठा, बाहेर आलेला कान, वरची पाळ जराशी दुमडलेली.

"हा," कमळा म्हणाली. "हा माझा बाबा."

ती काचेपासून चार बोटांवर गेली. दुसरं कुणी असतं तर गुणाजीने शिट्टी फुंकली असती. त्याने शिट्टी काढून खिशात टाकली. कमळा त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघत होती, गालाच्या हाडाकडे, कोवळ्या मिशीकडे, आणि पुष्कळ वेळाने म्हणाली, "किती लहान हाय ओ हा. आपल्या सर्वेशपेक्षा लहान. मी इतकी वर्सं म्हाताऱ्या मानसाला शोधत होते."

मग ती खुर्चीवर बसली आणि मोकळेपणी रडली. गुणाजीही रडला, पण गणवेशात असल्यामुळे तोंड निळ्या चित्राकडे करून. परत वळला तेव्हा त्याने त्या हसणाऱ्या धिप्पाड माणसाकडे रागाने बघितलं. महिनाभर फुकटचे राम राम घेतले होते लबाडाने.

रविवारी कमळा पुन्हा आली, आणि तिच्याबरोबर बाजारातल्या अकरा बायका. ओंडके दाबून बघून, तेल हुंगून, एकेक आत शिरली. त्यांच्या आवाजाने काँक्रीट घुमलं. हर्ण्याच्या फोटोतली माशांची टोपली बघून दोघींचं भांडण झालं की आतला मासा सुरमई की तोवर, आणि अवनी आपल्या खोलीतून बाहेर येऊन कोपऱ्यात उभी राहून ते ऐकत होती. क्रेन अजून मिळालेली नाही. ओंडके तिथेच आहेत, आणि गुणाजी आता घरी आल्यावर फक्त पाय धुतो.

सोमवारी मुंबईची माणसं फोटो काढून न्यायला आली. सुट्टी असूनही गुणाजी आला, आणि न बोलावता कमळाही. दोन माणसं भिंतीवरून एकेक फोटो उतरवत, कागदात गुंडाळत आणि लांब खोक्यात पालथा ठेवत. सतरावा उतरला. कमळा भिंतीला टेकून बघत होती. त्याने तो गुंडाळला, खोक्यापाशी नेला आणि सवयीने पालथा घालायला लागला.

"उपडा नको ठेवू," कमळा म्हणाली.

"काकी, तसा ठेवला की काच नीट राहते."

"माझा बाबा हाय तो," कमळा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "समुद्राने एकदा उपडा घातलान. तू नको घालू."

त्या माणसाने गुणाजीकडे बघितलं, गुणाजीने अवनीकडे, आणि अवनीने मान हलवली. मग त्याने फोटो हलकेच फिरवून तोंड वर करून खोक्यात ठेवला, आणि हलू नये म्हणून खाली दोन लाकडी पट्ट्या घातल्या. कमळा पुढे झाली, वाकली, आणि दोन्ही पट्ट्या एकेक करून हाताने दाबून बघितल्या.

"आता न्या," ती म्हणाली.